सदतिसात एक

उंबरमाळीनंतरचं स्टेशन कसारा. लोकल तिथे संपते आणि थळ घाट सुरू होतो. १८६५ साली खुल्या झालेल्या या मार्गाचा चढ सदतिसात एक आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर. बहुतेक लांबच्या गाड्यांना कसाऱ्यात बँकर, म्हणजे रेटा देणारी जादा इंजिनं, जोडतात. इकडच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही.

रविवारी उंबरमाळीत काही मुलांना मी विज्ञान शिकवतो. उतारावरच्या बलांचा धडा आला की उदाहरण याच घाटाचं. हजार टनांची गाडी असेल तर सत्तावीस टनांएवढी ओढ तिला मागे खेचते. मग प्रश्न येतो, चढाचा कोन किती? अकरावीतल्या एका मुलीने डिप्लोमाला असलेल्या भावाचा कॅल्क्युलेटर आणला होता. भावाने त्यात सूत्र भरून ठेवलेलं. तिने ३७ टाकले, बटण दाबलं आणि वहीत लिहिलं : ०.०२७ अंश. लगेच पुढच्या गणिताला हात.

कॅल्क्युलेटर चुकला नव्हता, तो अंशांऐवजी रेडियनवर होता. खरा कोन दीड अंशाहून किंचित जास्त. मी एवढंच विचारलं, "तुझ्या कोनाने किलोमीटरभर गेलं तर किती चढशील?" तिने मांडून पाहिलं. अर्धा मीटरसुद्धा नाही.

"मग बँकर कशाला लावतात, सर?"

हा प्रश्न तिला बटण दाबण्याआधी पडायला हवा होता. तयार सूत्रांवरचा माझा आक्षेप एवढाच आहे. तशी ही आडवाट आपल्याकडे नवी नाही. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तरी काय होते? डोक्यात भरून ठेवलेले प्रोग्रॅमच. अडीचकी कशी तयार झाली हे दुकानदाराला सांगता आलं नसतं, पण समोर भाताची रास असायची. उत्तर भलतंच आलं तर डोळेच हटकायचे.

लॉग टेबलही उसनंच. नेपियरने १६१४ मध्ये ती युक्ती जगापुढे मांडली. आकडेमोड दुसऱ्यांनी करून ठेवलेली, आपण फक्त बोट फिरवायचं. पण त्या कोष्टकात एक खोच आहे. ते नुसते अंक देतं. दशांश चिन्ह कुठे पडणार, 'बार' एक की बार दोन, हे आपण ठरवायचं. उत्तराचा अंदाज नसेल तर लॉग टेबल घेऊनही पोरगं बुडतं. कॅल्क्युलेटरने नेमकी हीच जबाबदारी काढून घेतली.

आपल्याकडे बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. पॉलिटेक्निकात कॅल्क्युलेटर चालतो, पण 'नॉन-प्रोग्रॅमेबल'. सूत्रं भरून कुणी आत येऊ नये म्हणून परीक्षेला असा नियम हवाच. वर्गाने तो जसाच्या तसा उचलला, ते मात्र मला पटत नाही. परीक्षा पकडायला असते, वर्ग चुकायला.

साध्या दोलकाचा प्रयोग घ्या. दोरा गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायचा असतो. मुलं हुकापर्यंतच मोजतात आणि गुरुत्वत्वरण g कमी येतं. आकडेमोड घरी नेली की ही चूक आठवड्याने कळते, तोवर दोरा गुंडाळून कपाटात. सूत्र भरलेलं असेल तर तिथल्या तिथे ८.९ दिसतं आणि पोरगं पुन्हा पट्टी उचलतं. अशा वेळी मी प्रोग्रॅम खुशाल वापरू देतो. अट एकच, सूत्र ज्याचं त्याने भरायचं. दुसऱ्याचं भरलेलं चालणार नाही, सख्ख्या भावाचंही. स्वतः भरताना कोन अंशात की रेडियनमध्ये, लांबी सेंटिमीटरमध्ये की मीटरमध्ये, हे ठरवल्यावाचून सुटका नसते.

हे शिकवायला वेळ लागतो, आणि अभ्यासक्रम संपवायच्या घाईत तो मिळत नाही, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. मला रविवार मोकळा मिळतो, म्हणून बोलणं सोपं.

त्या मुलीने पुढे स्वतःचं सूत्र भरलं. आधी समासात पेन्सिलीने 'दीड-दोन अंश?' लिहिलं, मग बटण दाबलं. निघताना कॅल्क्युलेटर पिशवीत टाकण्याआधी तिने तो पुन्हा रेडियनवर केला. भावाला तसाच लागतो, म्हणाली.