मूल खेळते तेव्हा आपण कोठे असतो?



आपण धम्म स्वीकारला म्हणजे नेमके काय केले? घरातील देव्हारा काढला, गंडेदोरे सोडले, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा लावली, मुलांना त्रिशरण-पंचशील पाठ करविले. हे सारे योग्यच झाले. परंतु सायंकाळी मूल अंगणात खेळत असता आपले डोळे कोठे असतात, हा प्रश्न आज मी तुमच्यापुढे ठेवीत आहे. दुसऱ्याचा दोष सांगण्यापूर्वी माझाच सांगतो.

मी बीड जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक आहे. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी वंदना आटोपून मी विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. समोर कोणाच्या तरी घरकुलासाठी वाळू पडली होती. माझी सहा वर्षांची मुलगी ओल्या वाळूत पाय रोवून खोपा करीत होती. मोबाईलवर आमच्या गटात बावीस प्रतिज्ञांवरून वाद चालला होता आणि मी एकाला सडेतोड उत्तर लिहीत होतो. "पप्पा, बघा ना," ती म्हणाली. मी "हं" म्हटले. ती पुन्हा म्हणाली. "छान झालाय," मी म्हटले, पण पाहिले नाही. तिसऱ्यांदा तिने हाकच मारली नाही. उत्तर पाठवून मी मान वर केली तेव्हा खोपा मोडलेला होता आणि ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. ओट्यावर आम्ही पाच-सहा आईबाप होतो. सर्वांच्याच माना खाली होत्या.

ही क्षुल्लक गोष्ट आहे, असे तुम्ही म्हणाल. मीही तसेच म्हटले. पण रात्री मनात आले, न पाहता 'छान' म्हणणे हे खोटे बोलणे नव्हे काय? तासाभरापूर्वी तिच्याच शेजारी बसून मी चौथे शील म्हटले होते.

तथागतांनी आपल्या मुलाला, राहुलाला, जो पहिला मोठा उपदेश केला तो नेमका असत्याविषयी आहे. अंबलट्ठिका येथे राहुलाने त्यांच्यासाठी आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. पाय धुतल्यावर तथागतांनी भांड्यात थोडेसे पाणी उरू दिले आणि ते दिसते काय, असे राहुलाला विचारले. जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण एवढेच थोडे, असे सांगितले. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, रिकामे दाखविले. पुढे त्यांनी आरशाचा दाखला दिला. आरसा पाहण्यासाठी, तसेच प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावरही ती पाहावी. तिने मला वा दुसऱ्याला दुःख होते काय, हे तपासावे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. उपदेशासाठी तथागतांना ग्रंथ लागला नाही; हाताशी असलेले भांडे पुरले. आणि त्या वेळी त्यांचे सारे लक्ष त्या मुलाकडे होते.

आता पाचवे शील पाहा. मद्य वर्ज्य का? ते 'पमादट्ठान' आहे म्हणून. म्हणजे त्याने माणूस गाफील होतो, समोर काय चालले आहे याची त्याला शुद्ध राहत नाही. दारूच्या पायी आपल्या वस्त्यांतील किती लेकरांचे बाप घरात असून नसल्यासारखे झाले, हे मी सांगायला नको. दारू सोडली आणि मोबाईलची गाफिली धरली, तर मुलाच्या दृष्टीने फरक किती पडला?

कोणी म्हणेल, गुरुजी, मुकादमाचा फोन येतो, मजुरीचे पैसे त्यावरच कळतात, दिवसभर राबून जिवाला जरा विरंगुळा नको काय? खरे आहे. मोबाईल फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला, दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यातून हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. माझ्या वर्गातील एक मुलगा त्या काळात आजीपाशी राहतो. त्याची आई कोपीवर परतली की फोन करते. काय जेवलास, नखे कापलीस का, कालचे भांडण मिटले का, एवढेच विचारते. दहा मिनिटे, पण तेवढा वेळ ती माउली पूर्णपणे त्याची असते. ती शेकडो कोस दूर असून त्याच्यापाशी होती; मी चार हातांवर असून माझ्या मुलीपाशी नव्हतो. तेव्हा दोष यंत्राचा नाही. मन कोठे आहे, हे सतत जाणणे म्हणजेच सम्यक स्मृती, आणि ती केवळ विहारात डोळे मिटून करावयाची गोष्ट नाही.

मुलावर सारखी नजर ठेवावी, असेही नाही. त्याला खेळू द्यावे, पडू द्यावे. खेळताना मूल सारखे आपल्याकडे पाहत नसते. मधूनच एकदा पाहते. त्या वेळी त्याला आपले डोळे सापडावेत, एवढीच त्याची मागणी असते.

सुभेदार रामजींजवळ पैसा नव्हता. परळच्या चाळीतील एका खोलीत ते रात्री दोनपर्यंत जागत, भीमरावांना अभ्यासाला उठवीत आणि मगच स्वतः झोपत. आपल्याजवळही मुलांना द्यायला जमीनजुमला फारसा नाही. लक्ष मात्र आहे, आणि ते कोणी सावकार जप्त करू शकत नाही.

म्हणून माझे सांगणे थोडे आहे. वंदनेच्या वेळी आणि मुलांच्या खेळाच्या वेळी मोबाईल बाजूला ठेवा. काम निकडीचे असेल तर "थांब, दोन मिनिटे" असे खरे सांगा आणि दोन मिनिटांनी खरोखर पाहा. न पाहता 'छान' म्हणू नका.

माझी मुलगी आता पुन्हा हाक मारू लागली आहे. पण अजून एकदाच मारते. दुसऱ्यांदा मारायचा विश्वास मला तिच्याकडून मिळवायचा आहे. तुमच्या लेकराने हाक मारणे थांबविण्यापूर्वीच मान वर करा.

जयभीम!