न झालेल्या खर्चाची नोंद

वडिलांची गाडी आठवड्यातून दोनदा बंद पडायची. आम्ही भावंडं ढकलायचो; सुरू झाली की सगळी आळी टाळ्या पिटायची. त्या गाडीवर आमचं नितांत प्रेम होतं.

माझी होंडा सिटी नऊ वर्षांत एकदाही बंद पडलेली नाही. पावसात चालू, खंबाटकी घाटात चालू, मागे सासूबाई नि डिकीत आंब्याच्या चार पेट्या असल्या तरी चालू! सांगण्यासारखा एक किस्सा नाही. म्हणून मी तिच्याविषयी कधी बोलतच नाही.

इथे माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. आयकराच्या हिशेबात धंद्यातल्या मोटारीला 15 टक्के घसारा मिळतो, दुरुस्तीचीही नोंद होते. पण न झालेल्या खर्चाची नोंद कुठल्या खतावणीत करायची? त्रास न देणाऱ्याचं खातं कायम कोरंच. मग सद्गुण जमेला धरायचा कुठे?

परवा चहा घेताना हा प्रश्न मी बायकोला विचारला. ती गप्प. कप घेताना हात लागला, तो चांगलाच तापलेला.

"कधीपासून?"

"झाले तीन दिवस."

तीन दिवस चहा वेळेवर, डबा वेळेवर. गाडीचं दर 10,000 किलोमीटरचं सर्व्हिसिंग मी डायरीत लाल शाईने लिहितो. शिवाय काही बिघडलं तर तिचा दिवा तरी लागतो. हिचा दिवा मी असायला हवा होतो.

रजा टाकली, गाडी काढली. ती अर्थातच लगेच चालू झाली. मी पहिल्यांदाच तिला "थँक्यू" म्हटलं. शेजारी बसलेलीला म्हणायला मात्र दवाखाना येईपर्यंत धीर झाला नाही.