हातात आहे तोवर

जेवणं उरकली आहेत. टेबलावरचा पसारा बाजूला सारा, विमान मधोमध ठेवा आणि दिवा जवळ ओढा. उद्या पहाटे माळावर जायचं आहे, पण आत्ता कसलीच घाई नाही. थोडा वेळ नुसते बसा आणि त्याच्याकडे बघा.

फोमचं शिकाऊ विमान आहे. पंख वरच्या बाजूला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण सव्वा मीटर. उचला. बॅटरीसकट किलोभर, म्हणजे दुधाची एक लिटरची पिशवी हातात घेतल्यासारखं. हे वजन मनगटात मुरू द्या. उद्या हेच वजन दुचाकीच्या वेगानं हवेत असेल, पुढे फिरता पंखा घेऊन, आणि त्याखाली कुठेतरी माणसं असतील.

खऱ्या विमानाचा वैमानिक आत बसलेला असतो. इंजिनाची घरघर त्याला पायाखाली कळते, काही सैल झालं तर सीटमधून थरथर पोचते. आपण जमिनीवर उभे असतो. विमान एकदा सुटलं की त्याची बिजागरी चाचपता येत नाही, सुटत आलेला स्क्रू आवळता येत नाही. त्याच्यासाठी हातानं जे काही करायचं, ते हातात आहे तोवरच. इतकी वर्षं उडवतोय, पण दर वेळी रात्री टेबलाशी बसलं की हे मला नव्यानं जाणवतं.

तेव्हा हात लावा. आधी पंखा, म्हणजे प्रॉपेलर, काढून बाजूला ठेवा. घरात विमानाला वीज द्यायची तर पंखा उतरवलेला हवा. ही सवय मोडू नका. दहा इंची पंखा मिनिटाला आठ हजार फेरे घेतो, तेव्हा त्याचं टोक ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे धावत असतं. फिरताना तो दिसतही नाही, दिसतं ते नुसतं धुरकट वर्तुळ. दोन वर्षांचं मूल त्या वर्तुळाला हात लावायला धावेल. काढलेला पंखा उजेडात धरा आणि कडेवरून नख फिरवा. केसाएवढी चीर लागली तरी टाकून द्या, चिकटवू नका.

आता एकेक बिजागरी. शेपटीचा आडवा फाळका, तो एलिव्हेटर. उभा, तो रडर. पंखांच्या मागच्या कडेला दोन्हीकडे एलेरॉन. प्रत्येक चिमटीत धरून हलकेच ओढा. सर्व्होपासून, म्हणजे फाळका हलवणाऱ्या छोट्या मोटरपासून, निघालेली तार फाळक्यावरच्या हॉर्नच्या भोकात कशी बसली आहे, क्लिप लागली आहे का, ते बघा. मग डोळे मिटून तेच पुन्हा बोटांनी करा. अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळते.

विमानाच्या पोटात रिसीव्हर असतो, काडेपेटीपेक्षाही लहान. त्यातून दोन बारीक तारा निघतात आणि प्रत्येकीचं टोक साधारण तीन सेंटिमीटर उघडं असतं. तुमच्या हातातून निघालेला हुकूम त्या उघड्या टोकांवरच उतरतो. ती दुमडलेली नाहीत ना, एकमेकींशी काटकोनात आहेत ना, बॅटरीखाली दबली नाहीत ना, हे बघताना थोडे थांबा. एका तारेचं टोक तुमच्याकडे रोखलेलं असलं की तिला नीट ऐकू येत नाही. तेव्हा दुसरी ऐकते. दोन तारा ठेवतात त्या यासाठी.

अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली व्हॉल्व्हचा रेडिओ विमानात बसवून ते जमिनीवरून चालवलं. ‘गफ’ नावाचं ते विमान आज स्मिथ्सोनियनच्या संग्रहालयात आहे. पुढे कित्येक वर्षं एका मैदानावर एका वारंवारतेवर एकच विमान उडू शकायचं. दुसऱ्यानं त्याच वारंवारतेचा ट्रान्समीटर सुरू केला की हवेतलं विमान गेलंच. म्हणून मैदानावर एक फळी असायची आणि तिच्यावर आकडे घातलेले कपड्यांचे चिमटे. चिमटा ज्याच्याकडे असेल त्यानंच रेडिओ सुरू करायचा. आता २.४ गिगाहर्ट्झच्या संचात प्रत्येक रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरचं ऐकतो, फळी गेली आणि चिमटेही गेले. मला मात्र तो चिमटा फार सुंदर वाटतो. आपण बटण दाबलं तर कुणाचं काय होईल, याचा विचार करायला तो दर वेळी भाग पाडायचा.

आता तुम्ही बटण दाबा. थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी काठी, तळाला. आधी ट्रान्समीटर, मग विमानाची बॅटरी. विमानाच्या मागे उभे राहा. ट्रान्समीटरवरची उजवी काठी उजवीकडे न्या आणि तिथेच धरून ठेवा. उजव्या पंखावरचा एलेरॉन वर उचलला गेला पाहिजे, डावा खाली. काठी आपल्याकडे ओढा, एलिव्हेटर वर. रडरची काठी उजवीकडे, रडर उजवीकडे.

इथे सावकाश. एकदा संध्याकाळी मी पंखातला सर्व्हो बदलला होता. नवा सर्व्हो उलट्या तोंडानं बसला. काठी हलवली, एलेरॉन हलला, मी समाधानानं दिवा मालवला. हलतोय हे बघितलं, कुठे हलतोय ते बघितलंच नाही. सकाळी विमान जमिनीवरून उठलं आणि किंचित उजवीकडे कललं. मी डावीकडे काठी दिली, ते आणखी कललं. मी आणखी डावीकडे दिली. घाबरलेला अंगठा त्याला ठाऊक असलेलं एकच औषध वाढवत राहतो. तीन सेकंदांत विमान पाठीवर होऊन मुरमात घुसलं. माझ्यापासून वीस पावलांवर माझा भाचा उभा होता. विमान त्याच्या उलट दिशेला पडलं. त्यात माझं काहीच कर्तृत्व नव्हतं. म्हणून सांगतो, ओठ हलवून म्हणा: काठी उजवीकडे, उजवा वर. काठी डावीकडे, डावा वर. एकटेच आहात, लाजू नका.

अजून एक बघायचं राहिलं. पंखा उतरवलेलाच आहे. थ्रॉटल थोडं वर करा, मोटर फिरू द्या आणि ट्रान्समीटर बंद करा. तुमचा आवाज हरवला तर विमान काय करतं? मोटर थांबली पाहिजे. यालाच फेलसेफ म्हणतात. ती थांबली नाही, तर उद्याचा बेत रद्द करून आधी हे दुरुस्त करा. मुकं झालेलं विमान चालू मोटरनं कुठवर जाईल आणि कुणावर पडेल, याची कल्पना करायला फार वेळ लागत नाही.

आता वीज तोडा, पण बॅटरी जागेवरच राहू द्या आणि विमान दोन बोटांवर तोला. पंखाची रुंदी वीस सेंटिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून पाच ते सहा सेंटिमीटरवर, दोन्ही बाजूंनी, पंखाखाली बोटांची टोकं. उचला आणि वाट बघा. विमान आधी डुलेल, मग ठरवेल. नाक किंचित खाली झुकून ते स्थिरावलं तर छान. असं विमान थोडं जडपणे वागतं, पण ऐकतं. शेपटी खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा आणि पुन्हा तोला. शेपटी जड असलेलं विमान हवेत नाक वर करतं, वेग गमावतं आणि मग कुणाचंच ऐकत नाही. बॅटरी एक सेंटिमीटर सरकवून हे टळतं. नेमकी जागा मिळाली की पोटात पेन्सिलीनं खूण करा.

मग बॅटरी काढून चार्जिंगला लावा. तीन सेलची लायपो, २२०० मिलिअँपिअर-तासांची. २.२ अँपिअरनं, बॅलन्स लावून. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरतो, तिन्ही मिळून १२.६. फरशीवर ठेवा, पडद्यापासून आणि गादीपासून लांब. तासभर जवळ बसा. वाचत बसा, पण चार्जिंग चालू ठेवून झोपू नका. पोट फुगलेली बॅटरी वापरू नका. माझं विमान मुरमात घुसलं त्या दिवशी बॅटरीला एक खळगा पडला होता, बाकी ती ठणठणीत दिसत होती. ती गाडीत न ठेवता मी वाळू भरलेल्या मडक्यात घालून उघड्यावर ठेवली. मार बसलेली लायपो बऱ्याच वेळानंही पेट घेऊ शकते.

झोपा आता.

पहाट. हिवाळ्यात दख्खनच्या माळावर ऊन चढेपर्यंत हवा निजलेली असते, तेवढे दोन तास आपले. जागा मात्र आधीच ठरलेली हवी. देशात २०२१चे ड्रोन नियम लागू आहेत आणि चालकाविना उडणाऱ्या विमानांत आपलं फोमचं विमानही येतं. ड्रोनसाठीच्या हवाई नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे; विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत ती २०० फुटांवर येते. त्याहून जवळ असाल तर दुसरा माळ शोधा. पुण्यात लोहगाव विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी हे विसरूच नये.

गाडीतून उतरल्यावर लगेच काही काढू नका. उभे राहा. चिमूटभर वाळलेलं गवत मोडून खांद्याच्या उंचीवरून सोडा आणि ते कुठे जातं ते बघा. सूर्य कुठे आहे? विजेच्या तारा कुठून गेल्या आहेत? घारी घिरट्या घालताहेत का? त्या मॉडेलवर झेप घेतात, आकाश त्यांचं आहे. पायवाट कुठे आहे, आणि तिच्यावरून कोण येतंय?

शेळ्या घेऊन एक आजोबा येतीलच. येऊन विचारतील, “किती लांब जातंय रं हे?” सगळं खाली ठेवून त्यांच्याशी बोला. “बाबा, दहा मिनिटं माझ्या पाठीमागं उभं राहा. शेळ्याबी अलीकडंच घ्या.” ते थांबतील. माणसं थांबतात, सांगावं मात्र लागतं. तुमच्यासमोर मनातल्या मनात एक आडवी रेघ ओढा. विमान त्या रेघेपलीकडे, माणसं सगळी अलीकडे.

पंखा बसवा, नट आवळा. इथून पुढे पंख्याच्या समोर किंवा बाजूच्या रेषेत काहीच नको. बोट नको, गळ्यात लोंबणारा पट्टा नको. ट्रान्समीटर रेंज चेकवर, म्हणजे कमी ताकदीवर, टाका आणि तीस पावलं मोजत चालत जा. वळून काठ्या हलवा. तिकडे सोबत्यानं हात वर केला की सगळं पोचतंय. परत येऊन रेंज चेक बंद करा आणि कालचंच पुन्हा म्हणा: काठी उजवीकडे, उजवा वर.

वाऱ्याकडे तोंड. थ्रॉटल हळूहळू पुढे. चाकांची खडखड थांबते तो क्षण ऐका.

चढू द्या, हलक्या कोनात. दोन-तीन चुका पोटात घेईल एवढी उंची आधी मिळवा. तिथे पोचल्यावर थ्रॉटल अर्ध्यावर आणा आणि खांदे सैल सोडा. ते वर चढलेले असतील. लांब जाताना विमान सोपं वाटतं. त्याचा उजवा तोच तुमचा उजवा, तुम्ही त्याच्या मागे बसल्यासारखे.

आता ते वळून तुमच्याकडे येतंय. अंगठा इथे चुकतो. त्याचं तोंड तुमच्याकडे असल्यामुळे तुमच्या उजव्या हाताला दिसणारा पंख त्याचा डावा आहे. वाक्यं जुळवून हे सोडवायला हवेत वेळ नसतो. वर्षानुवर्षं लोकांना उपयोगी पडलेली एक गोष्ट धरा: जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्या बाजूला काठी न्या. खचत्या भिंतीला टेकू देतात तसं. उजवीकडे पंख पडतोय, उजवीकडे टेकू. डावीकडे पडतोय, डावीकडे टेकू. काही दिवसांनी टेकूही आठवावा लागत नाही. तुम्ही जमिनीवर उभे असताच, पण तुमचे डावे-उजवे विमानात जाऊन बसलेले असतात. समोरून येणाऱ्या कुणाच्याही जागी इतक्या पूर्णपणे जाऊन बसायला मला दुसऱ्या कशानं शिकवल्याचं आठवत नाही.

वेग फार मंदावला आणि पंख डळमळू लागले तर काठी ओढून ते वर धरायचा मोह होईल. ओढू नका. नाक खाली जाऊ द्या, वेग परत येऊ द्या, मग हलकेच सावरा.

सहा मिनिटांचा गजर वाजला. अजून बॅटरी शिल्लक आहे, ती शिल्लक राहू द्या; उतरणं फसलं तर पुन्हा वर जायला तीच लागेल. “उतरतोय!” असं मोठ्यानं म्हणा, मागे शेळ्यांशिवाय कुणी नसलं तरी. वाऱ्याकडे तोंड, थ्रॉटल कमी, लांबून सरळ येऊ द्या. वाट तिरकी झाली तर लाज न वाटू देता वर न्या आणि फेरी घ्या. गुडघ्याएवढ्या उंचीवर काठी जराशी मागे. चाकं टेकतात, गवतात घसरत जातात, थांबतात.

चालत जा. थ्रॉटल तळाला आहे ना? आधी बॅटरी सोडवा, मग विमान उचला. मोटरला बोट लावा. गरम आहे, पण बोट ठेवता येतंय. चाकात कुसळं अडकली आहेत, ती एकेक काढा. पंख्याच्या कडेवरून पुन्हा नख फिरवा. घरी गेल्यावर बॅटरीचे सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवायचे आहेत, तेवढं लक्षात असू द्या.

आजोबा शेळ्या घेऊन पुढे निघाले आहेत. ट्रान्समीटर अजून तुमच्या गळ्यात चालू आहे. आता तो बंद करा.