बाईंच्या घराचं देणं

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते. अमुक गावच्या सेवानिवृत्त शिक्षिकेचं वृद्धापकाळानं निधन. पश्चात मुलं, सुना, जावई, नातवंडं असा परिवार. ‘आपल्या बाई गेल्या’ म्हणत जुने विद्यार्थी जमतात. पाढे, शुद्धलेखन, गुपचूप भरलेली एखाद्याची फी, सगळं निघतं. बाईंच्या घराचा विषय मात्र क्वचितच निघतो.

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार आज पाण्यासाठी ओळखलं जातं. १९७२च्या दुष्काळानंतर मात्र त्या गावाला उतरती कळा लागली होती. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, दारू आणि भांडणं वाढली, माणसं पोटासाठी गाव सोडू लागली. सरकारी नोकराला, म्हणजे शिक्षकालाही, शिक्षा करायची तर हिवरे बाजारला पाठवा, अशी गावाची ख्याती झाली.

बदलीच्या आदेशावर नाव एकाचंच असतं, बिऱ्हाड मात्र सगळ्यांचं हलतं. त्यातून नोकरी बाईची असली की सासूबाई नातवंडांना सांभाळतात आणि थोरली लेक वयाच्या आधीच पोळ्या लाटायला शिकते, कारण आईची एसटी कधी चुकेल याचा नेम नसतो. सुट्टीतही जनगणना आणि मतदार याद्या पाठ सोडत नाहीत. धाकटा तिच्याच वर्गात बसतो, चारचौघांसारखा आईला ‘बाई’ म्हणतो. उत्तर येत असून हात वर केला, तरी बाई आधी मागच्या बाकावरच्या मुलाला उठवतात. रात्री तो झोपायला येतो, तेव्हा आईसमोर वह्यांचा गठ्ठा उघडलेला असतो.

शिक्षिकेच्या घरावर पडणारा हा भार जुनाच आहे. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे नगरमध्येच, मिस फरार यांच्या संस्थेत घेतले. शिक्षणाच्या कामापायी त्यांना आणि पती जोतीरावांना १८४९मध्ये राहतं घर सोडावं लागलं. पुढे १८९७च्या प्लेगात दत्तक पुत्र डॉ. यशवंत रुग्णांवर उपचार करत होते आणि त्या रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. आईनं हाती घेतलेल्या कामात लेकही असा ओढला गेला होता.

इकडे हिवरे बाजारचे दिवस मात्र पालटले. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, १९९०च्या सुमारास, गावानं आधी शाळेकडे लक्ष दिलं. मग श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी असं एकेक पाऊल पडत गेलं. आज पाऊस किती झाला, विहिरीचं पाणी किती चढलं, या नोंदींत शाळेतली मुलंही सहभागी असतात. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो आणि त्यावरून पिकं ठरतात. पाऊस कमी असेल, तर जास्त पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. वर्गात शिकलेली बेरीज-वजाबाकी अशी गावाच्या कारभारात उतरते.

एके काळी जिथली बदली शिक्षा वाटायची, ते गाव लोकांनीच बदललं. म्हणजे शिक्षकाच्या वाट्याला काय यावं, हे पुष्कळसं गावाच्या हातात असतं. बाईंना राहायला चांगली खोली मिळाली, त्यांच्या लेकरांना शेजारच्या घरी हक्कानं जेवता आलं, तर त्या घराचा भार हलका होतो आणि ते समाधान वर्गात उतरतं.

निवृत्त बाईंची आठवण काढताना म्हणून त्यांच्या घरालाही नमस्कार करावा. तुमच्या बाई हयात असतील, तर सवड काढून भेटून या. त्या गेल्या असतील, तर त्यांच्या मुलांना फोन करा आणि सांगा, ‘तुमच्या आईचा जो वेळ आम्हाला मिळाला, तो खरं तर तुमचा होता.’ ही मुलं आपल्याकडे कधी काही मागायला येत नाहीत. देणं आपणच ओळखायचं असतं.