रंजनाचा करार : विनोदी रहस्यकथा, प्रणयकादंबरी आणि वाचनाची नीती

केवळ रंजनासाठी केलेल्या वाचनाचे नैतिक समर्थन करता येते काय, हा प्रश्न मराठी समीक्षेने क्वचितच थेट विचारला आहे. एखाद्या कृतीची वाङ्मयीन गुणवत्ता ठरविणे वेगळे आणि ती कृती वाचणे उचित की अनुचित हे ठरविणे वेगळे. या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे बाबूराव अर्नाळकरांच्या (1906–1996) हजारावर रहस्यकथांविषयी किंवा चंद्रकांत काकोडकरांच्या प्रणयकादंबऱ्यांविषयी अभ्यासक बहुधा मौन पाळतात. बोललेच, तर ‘निदान वाचनाची गोडी तरी लागली’ असे म्हणतात. त्या वाचनाला स्वतःचे असे मूल्य नाही, हे या समर्थनातही गृहीतच असते.

या गृहीतकाचे मूळ शोधताना नरहर कुरुंदकरांना (1932–1982) ज्या गावावरून आडनाव लाभले, त्या वसमत तालुक्यातील कुरुंद्याचे उदाहरण उपयोगी पडते. आज हिंगोली जिल्ह्यात असलेले हे गाव सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तेथील उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. अशा प्रदेशात मराठी पुस्तक हाती घेणे हीच एक सांस्कृतिक कृती ठरत असे, आणि ग्रंथालयांकडे जागृतीची केंद्रे म्हणून पाहिले जाई. जे कष्टाने मिळते ते उद्बोधकच असावे, ही अपेक्षा तेथे स्वाभाविक होती. महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. तरीही तुटपुंज्या अनुदानात एक वैचारिक ग्रंथ घ्यावा की चार रहस्यकथा, हा पेच लहान ग्रंथालयापुढे राहिलाच. त्यामुळे रंजनाविषयीच्या अढीला केवळ अभिजनांचा अहंकार म्हणता येत नाही. मात्र टंचाईने ठरविलेला अग्रक्रम म्हणजे मूल्यनिकष नव्हे.

कुरुंदकरांच्या दीर्घ अभ्यासाचा विषय असलेले भरताचे नाट्यशास्त्र येथे वेगळी दिशा दाखविते. त्याच्या पहिल्या अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे मागतात ते एक ‘क्रीडनीयक’, म्हणजे खेळणे. दुःखाने, श्रमाने, शोकाने गांजलेल्यांना नाट्य विश्रांती देईल, असेही तेथे सांगितले आहे. हितोपदेशाचा उल्लेख आहेच. पण विश्रांती त्याच्या आश्रयाने उभी नाही. रंजन हे स्वतंत्र प्रयोजन आहे, एवढे मान्य केले की खरा नैतिक प्रश्न पुढे येतो : ही विश्रांती कोणाला विसरून मिळते?

विनोदी रहस्यकथेत हा प्रश्न फार तीव्र होतो, कारण तिच्या केंद्रस्थानी मृत्यू असतो आणि वाचक हसत असतो. हास्यास्पद दोष वेदना देणारा किंवा विनाशक नसतो, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. खून तर विनाशकच असतो. एडमंड क्रिस्पिन यांच्या 1946 सालच्या ‘द मूव्हिंग टॉयशॉप’ या कादंबरीत खेळण्यांच्या दुकानात एका वृद्धेचे प्रेत आढळते आणि पुढे ते दुकानच तेथून नाहीसे होते. शोध घेणारा गर्व्हेस फेन ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक आहे. येथे हास्य मृत वृद्धेच्या वाट्याला येत नाही. ते येते शोधणाऱ्याच्या पांडित्याच्या आणि रहस्यकथेच्या संकेतांच्या वाट्याला. ‘हा खेळ आहे’ हे कृती स्वतःच सांगते. म्हणून तिचा वाचकाशी झालेला करार उघड असतो, आणि मृताचे विस्मरण खेळापुरते मर्यादित राहते.

शृंगारापासून हास्य उत्पन्न होते, असे भरताने सांगितले आहे. या नात्याने प्रणयकादंबरी विनोदी कृतीची निकटवर्ती ठरते. सुहास शिरवळकरांसारख्या (1948–2003) लेखकाने रहस्यकथा आणि तरुणांच्या प्रेमाची ‘दुनियादारी’ अशा दोन्ही गोष्टी लिहिल्या. परंतु प्रणयकादंबरीचा करार बहुधा झाकलेला असतो. ती विश्वास मागते. जात, हुंडा, नायिकेचे अर्थार्जन यांतील काय वगळल्यामुळे मीलन शक्य झाले, हे ती सांगत नाही. तिच्यावर आक्षेप घ्यायचा तर तो या मौनावर घ्यायला हवा. प्रत्यक्षात तो भलतीकडेच घेतला गेला. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातील काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या लेखकाला 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुक्त केले. कामभावनेचे वर्णन नैतिक की अनैतिक, याची चर्चा न्यायालयात झाली. प्रेमाची किंमत कोण मोजते, हा प्रश्न मात्र समीक्षेनेही सोडून दिला.

याला एक प्रतिवाद आहे, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. जॅनिस रॅडवे यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या ‘रीडिंग द रोमान्स’ या अभ्यासात अमेरिकेतील प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रिया केंद्रस्थानी आहेत. कुटुंबाच्या सततच्या मागण्यांतून स्वतःसाठी काढलेला वेळ, हा या स्त्रियांच्या दृष्टीने वाचनाचा मोठा अर्थ होता. जेथे सुनेचा दुपारचा एक तासही तिचा नसतो, अशा मराठी घरांना हे निरीक्षण परके वाटू नये. तेथे पुस्तक उघडणे हाच एक हक्क सांगणे असते, मग पुस्तकात काहीही असो. पण रॅडवे यांनी दुसरी बाजूही लपविलेली नाही : वाचनाची कृती जे नाकारते, तेच संहिता पुष्कळदा गोड करून परत देते. म्हणून कृतीचा आदर करणे आणि संहितेची उलटतपासणी करणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पाडावी लागतात. एकाच्या नावाखाली दुसरे टाळले, तर वाचक स्त्रीची कीव तरी होते किंवा तिचे पोकळ गौरवीकरण तरी.

यातून निघणारा निकष गांभीर्याचा नाही, प्रामाणिकपणाचा आहे. रंजन करणारी कृती आपल्या खेळाच्या अटी वाचकाला कळू देते काय, हे तिला विचारावे. आणि समीक्षकाने स्वतःलाही तोच प्रश्न विचारावा. जो अभ्यासक रात्री रहस्यकथा वाचून सकाळी वर्गात ती वाचलीच नाही असे दाखवितो, तो कृतीकडून मागितलेला प्रामाणिकपणा स्वतः देत नाही. त्याचे नुकसान त्याच्यापुरते थांबत नाही. त्याचा विद्यार्थी आपल्या घरातील वाचनाची लाज बाळगायला शिकतो, आणि ज्या पुस्तकांची चिकित्सा सर्वांत निकडीची, तीच पुस्तके चिकित्सेवाचून वाचली जातात.