डागाच्या वर भोक नसतं

इंग्लंडमध्ये मोटारीला जोडून न्यायचे कॅरॅव्हॅन अनेकदा हिवाळाभर एका जागी उभे असतात. वसंतात दार उघडलं की कधी कुबट वास येतो, छतावर पिवळट डाग दिसतो. वर साधारण 40 सेंटिमीटर चौरस खिडकी असते, संशय तिच्यावरच. पण डाग असतो तिथेच भोक असेल असं नाही. पाणी पत्र्याखालून, लाकडी पट्टीच्या कडेकडेने सरकतं आणि हातभर लांब जाऊन टपकतं.

घाई असलेला माणूस सिलिकॉनची नळी आणतो आणि चौकटीभोवती वरूनच जाड रेघ ओढतो. दोन पावसाळी दिवस बरे जातात. आत मुरलेलं पाणी मात्र आतच राहतं, प्लायवूड कुजत जातं. शिवाय त्या सिलिकॉनवर पुढे दुसरं काही धड चिकटत नाही.

जाणता कारागीर चौकटच सोडवतो. जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडतो, पत्र्याला ओरखडा न पाडता. लाकूड वाळू देतो. याला कधी आठवडे लागतात, आणि खरी कसोटी इथेच! मग ब्युटिल या मऊ सीलंटचा थर. तो टणक होत नाही. गाडी हादरली, पत्रा उन्हाने ताणला, तरी धरून राहतो.

आणि हो, कधीकधी गळती नसतेच. झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ गार खिडकीवर जमून थेंब पडतात. तसं असेल तर हत्यारं पेटीतच राहू द्या, खिडकी जरा किलकिली ठेवा.