दोन कागद

माझ्या घराच्या बाहेरच्या खोलीत काचेची एक चौकट टांगलेली आहे. तिच्यात पुणे विद्यापीठाची माझी बी. एस्सी.ची पदवी आहे. ती मी टांगली नाही, वडिलांनी टांगली. चौकट करून आणली त्या दिवशी त्यांनी शेजारच्या दोन बिऱ्हाडांना चहाला बोलावले होते, आणि खिळा ठोकताना भिंतीचा मोठा पोपडा पडला, तरी त्याचे त्यांना काही वाटले नव्हते. माझ्याजवळ आणखी एक कागद होता. १९८४ साली संध्याकाळच्या वर्गाला सहा महिने जाऊन मी कोबोल ही संगणकाची भाषा शिकलो. तिचे ते प्रमाणपत्र. त्याला कोणी चौकट केली नाही. दोनतीन घरे बदलताना ते केव्हा गहाळ झाले हेही मला कळले नाही. मौज अशी की, पुढची छत्तीस वर्षे मी जे अन्न खाल्ले ते या गहाळ झालेल्या कागदाचे. भिंतीवरच्या कागदाचा उपयोग नोकरीच्या अर्जात 'पदवीधर' या शब्दापुढे खूण करण्यापुरताच झाला.

या दोन कागदांचा असा हिशेब मांडण्याची पाळी माझ्यावर कधी आली नसती. पण गेल्या वर्षी भाऊबीजेला बहिणीकडे गेलो, तेव्हा ओवाळून झाल्यावर तिने ताटात टाकलेले पाकीट माझ्याकडे परत सरकवले आणि म्हणाली, "दादा, यंदा मला ओवाळणी नको. ह्याला दोन शब्द सांग, तीच माझी ओवाळणी."

'हा' म्हणजे माझा भाचा. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, शाखा संगणकाची. त्याने कॉलेज सोडावयाचे ठरवले होते. त्याचे म्हणणे त्याने अगदी शांतपणे माझ्यापुढे मांडले. "मामा, आम्ही परीक्षेत कागदावर प्रोग्रॅम लिहितो. प्रयोगशाळेत अजून टर्बो सी आहे. माझा मित्र बारावीनंतर नेटवर्किंगच्या दोन परीक्षा देऊन हिंजवडीत कामालाही लागला. मी अजून दोन वर्षं बाबांचे पैसे कशाला घालवू?" शैक्षणिक कर्ज माझ्या मेहुण्यांच्या नावावर होते. ते पलीकडे चकली मोडीत बसले होते. पण त्यांचे लक्ष चकलीकडे नव्हते.

मी त्या दिवशी काहीच सांगितले नाही. विचार करून सांगतो म्हणालो आणि खरोखरच विचार करू लागलो.

पदवीबद्दल आपल्या समाजाला जो आदर वाटतो तो समजण्यासारखा आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, डॉ. भांडारकर होते. पदवी या वस्तूशी आपली पहिली ओळखच अशा माणसांच्या रूपाने झाली! पुढे दारावरच्या पाटीवर नावापुढे 'बी. ए.' ही दोन अक्षरे आली की, सगळ्या आळीला ती आपली वाटत. घराण्यात पहिल्यांदा कोणी पदवीधर झाला म्हणजे काय होते, हे त्या पोपडा पडलेल्या भिंतीला विचारावे.

पण संगणकाच्या व्यवसायाची कुंडली निराळी आहे. येथे धंदा आधी जन्माला आला आणि पदवी मागाहून. एड्सगर डाइक्स्ट्रा हा हॉलंडमधला थोर संगणकशास्त्रज्ञ. १९५७ साली त्याचे लग्न झाले, तेव्हा नोंदणीच्या कागदावर त्याने आपला व्यवसाय 'प्रोग्रॅमर' असा सांगितला. अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेने तो मान्य केला नाही. कारण असा व्यवसायच अस्तित्वात नव्हता! शेवटी 'सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ' असे लिहून बिचाऱ्याने लग्न उरकले. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०च्या सुमारास 'टिफ्रॅक' हा संगणक उभा राहिला, तो ज्यांनी उभारला त्यांच्यापैकी संगणकाची पदवी कोणाजवळ असणार? ज्या धंद्याच्या आद्य पुरुषांजवळ त्या धंद्याची पदवी नव्हती, त्या धंद्यात शिरण्यासाठी ती अटळ का मानावी? भाच्याचा प्रश्न उर्मट नव्हता, हे मला कबूल करावे लागले.

मग मी प्रश्न जरा मुळाशी जाऊन पाहिला. हे कागद असतात कशासाठी? न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. एखाद्याला काम येते की नाही हे त्याला काम देऊन पाहणे, हे प्रत्यक्ष. पण हजार अर्ज आले म्हणजे हजारांना काम देऊन पाहणे शक्य नसते. मग आपण दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावर विसंबतो. पदवी काय किंवा प्रमाणपत्र काय, दोन्ही शब्दप्रमाणच. 'हा माणूस आम्ही पाहिला आहे, तुम्ही विश्वास ठेवा,' एवढेच तो कागद सांगतो. आणि शब्द केव्हा प्रमाण मानावा, याचीही नैयायिकांनी अट घातली आहे. सांगणारा आप्त हवा. म्हणजे त्याला वस्तू स्वतः ठाऊक हवी आणि ती जशी आहे तशी सांगण्याची इच्छाही हवी.

या कसोटीला आमचे दोन आप्त लावून पाहिले, तर गंमत होते. नेटवर्कची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीला आपली यंत्रे इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक असतात. तिच्या परीक्षेत नेमकेपणा असतो. रेड हॅटसारखी कंपनी तर उमेदवाराला यंत्रापुढे बसवते आणि काम करून दाखव म्हणते. तेथे शब्द जवळजवळ प्रत्यक्षाला जाऊन भिडतो. पण तिला माल विकावयाचा असतो. तिच्या यंत्रावर हात बसलेली माणसे जितकी अधिक, तितका तिचा खप अधिक. व्यापाऱ्याने स्वतःच माल विकावा आणि स्वतःच तराजू तपासावा, असा हा प्रकार आहे. उलट विद्यापीठाला कोणतेही यंत्र विकावयाचे नसते. ते निःस्पृह आहे. पण ज्याच्याविषयी ते ग्वाही देते त्याला ते ओळखते का? गठ्ठ्यातली शे-दीडशेवी उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परीक्षकाला त्या मुलाचे काय ठाऊक असणार? एकाला ठाऊक असते, पण त्याचा स्वार्थ असतो. दुसऱ्याला स्वार्थ नसतो, पण त्याला ठाऊक नसते. पुरता आप्त दोघांतला एकही नाही!

दुसरा फरक काळाचा. सिस्को कंपनीच्या सीसीएनए या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. मायक्रोसॉफ्टची अनेक प्रमाणपत्रे दरवर्षी नवी करून घ्यावी लागतात. ज्या एमसीएसईसाठी एके काळी मुले रात्रीचा दिवस करीत, ती परीक्षाच जानेवारी २०२१ मध्ये बंद झाली. पदवीला मात्र मुदत नसते. माझ्या चौकटीतली पदवी आजही तितकीच पक्की आहे, जरी तिच्यातले निम्मे भौतिकशास्त्र मी विसरलो आहे. प्रथमदर्शनी हा प्रमाणपत्राचा दोष वाटतो. विचार करता मला तो गुण वाटू लागला. 'तुझे ज्ञान शिळे होईल' असे तोंडावर सांगणारा कागद मुदत न सांगणाऱ्या कागदापेक्षा अधिक प्रामाणिक नव्हे काय? तथापि, कशाची मुदत केव्हा संपेल, हे तरी कोणाला कळते? मी शिकलो तेव्हाच कोबोल म्हातारी झाली असे म्हणत. ती आजही अनेक बँकांचे हिशेब सांभाळीत आहे.

पण काही गोष्टी खरोखरच शिळ्या होत नाहीत. त्याच डाइक्स्ट्राने १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममधील एका उपाहारगृहाच्या गच्चीवर, वाग्दत्त वधूबरोबर कॉफी पीत असताना, एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता कसा शोधावा याची रीत काढली. हातात कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. वीस मिनिटे लागली. १९५९ साली ती छापली गेली. त्यानंतर तीस वर्षांनी नेटवर्कमध्ये संदेशांना वाट दाखवण्यासाठी ओएसपीएफ नावाची पद्धत ठरली, तिच्या पोटात हीच रीत बसवलेली आहे. सीसीएनएच्या परीक्षेत ओएसपीएफ चालू कसे करावे हे विचारतात. ते चालते का, हे शिकावयाचे तर वेळ लागतो, कागद-पेन्सिल लागते आणि एखादा गुरुजी लागतो. यंत्र बदलले की 'कसे'ची मुदत संपते; 'का'ची संपत नाही. संस्कृतात 'पदवी' या शब्दाचा एक अर्थ वाट असाही आहे. मुक्काम नव्हे, वाट! विद्यापीठ चार वर्षांत जर काही देऊ शकत असेल, तर तो हा 'का' विचारीत चालण्याचा अवकाश.

देऊ शकत असेल तर! कारण येथे मला एक जुनी गोष्ट आठवली. बी. एस्सी.ला असताना लंबकाच्या प्रयोगात माझे आकडे जुळेनात. तेव्हा सर्वजण करीत तेच मी केले. पुस्तकातले उत्तर घेतले, उलटा हिशेब केला आणि साजेसे आकडे वहीत लिहून टाकले. आमच्या गुरुजींनी वही पाहिली आणि एवढेच म्हणाले, "तुमचा लंबक फार आज्ञाधारक दिसतो." मग त्यांनी साऱ्या पानावर काट मारली नाही, मला पुन्हा लंबकापाशी उभे केले आणि स्वतः शेजारी उभे राहिले. आलेला आकडा चुकीचा असला तरी तोच लिहावयाचा, हे मी त्या दुपारी शिकलो. पुढे संगणकात हिशेबाची चूक सापडली आणि ती कबूल केल्याने काम लांबणीवर पडणार असले, म्हणजे मला कोबोलचे वर्ग आठवत नसत. तो लंबक आठवे. त्या गुरुजींचा शेरा माझ्या पदवीवर कोठेही नाही. आज प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी मुले 'डंप' म्हणजे फुटलेले प्रश्न पाठ करतात, आणि पदवीच्या परीक्षेसाठी अपेक्षित प्रश्नसंच. आज्ञाधारक लंबक दोन्हीकडे आहेत.

इथवर विचार आला तेव्हा मला वाटले की, आपण निवाड्याच्या जवळ पोचलो. पण मधेच एक माणूस दारात येऊन उभा राहिला.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी नोकरीच्या निवड समितीवर होतो. तालुक्याच्या गावचा एक मुलगा आला होता. शिक्षण बारावी, तीन प्रमाणपत्रे. आम्ही यंत्रावर घेतलेल्या चाचणीत तो पहिला आला होता. नियमाप्रमाणे पदवी हवी होती. ती नव्हती. यादीतून त्याचे नाव वगळले, त्या कागदावर माझीही सही आहे. जाताना त्याने विचारले, "सर, माझं चुकलं कुठं?" मी म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही. नियम आहे." तो "बरं" म्हणाला आणि गेला. पुढे त्याचे काय झाले मला ठाऊक नाही.

शब्दप्रमाण हे प्रत्यक्ष मिळत नाही म्हणून. येथे प्रत्यक्ष माझ्या डोळ्यांसमोर बसले होते, आणि तरी मी कागद मागत राहिलो. पुस्तकातले उत्तर घेऊन आलेला आकडा खोडला. गुरुजींनी शिकवलेले मी त्या दिवशी विसरलो होतो, आणि माझ्याजवळ पदवी होती!

पंधरा दिवसांनी मी बहिणीकडे गेलो आणि भाच्याला हे सारे सांगितले. उपदेश केला नाही, हिशेब दिला. पदवीवाचून सरकारी नोकऱ्यांची बरीच दारे बंद राहतील, हे सांगितले. अमेरिकेच्या एच-वन-बी परवान्यासाठी पदवी किंवा तिच्या बरोबरीचे काही लागते, आणि तेथे कॉलेजच्या एका वर्षाच्या बदली कामाची तीन वर्षे धरतात, हेही सांगितले. हे न्याय्य आहे असे मी म्हणालो नाही. असे आहे एवढेच म्हणालो. शिवाय आता या दोन वाटा पूर्वीइतक्या दूर राहिलेल्या नाहीत. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करणाऱ्यांना शिकवीत आहे. मद्रासच्या आयआयटीने २०२० साली घरबसल्या शिकण्याचा जो अभ्यासक्रम काढला, त्यात मधल्या टप्प्यावर पदविका घेऊन थांबता येते. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने असे थांबे मान्यच केले आहेत. "सोडायचं तर सोड," मी म्हणालो, "पण कंटाळा आला म्हणून नको. तिथं जे शिकायचं राहिलं ते बाहेर कुठं शिकणार, ते मला सांगून सोड. आणि कर्ज कोणाच्या नावावर आहे, ते लक्षात ठेवून."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तो बारावीवाला मुलगा आज तुमच्यासमोर आला तर?"

"त्याला घेईन."

"आणि नियम?"

"नियमाशी भांडेन."

म्हणालो खरा, पण मी सेवानिवृत्त आहे. ज्याला सही करावयाची नाही त्याच्या शौर्याची किंमत किती, हे त्या मुलाला कळले असावे. कारण तो नुसता हसला. भांडावयाचे होते तेव्हा मी भांडलो नव्हतो.

भाच्याने कॉलेज सोडले नाही, आणि नेटवर्किंगची परीक्षाही सोडली नाही. दोन्ही करतो आहे आणि दोन्हींनी दमतो आहे. आपला सल्ला बरोबर होता असे मी म्हणणार नाही. त्याची किंमत मला द्यावी लागत नाही, त्याला द्यावी लागते. बहिणीने मात्र ते पाकीट अजून घेतलेले नाही. निकाल लागल्यावर घेईन म्हणते.

मध्यंतरी भाचा घरी आला होता. चौकटीपुढे उभा राहून त्याने विचारले, "मामा, दुसरा कागद कुठाय?" हरवला म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "मग ह्याच्या मागं तुमच्या त्या लंबकाचं पान लावा की!"

ती वही मी शोधतो आहे.